साडभाऊंना गाव पसंत पडत नाही

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत असं एकही गाव नसेल, जिथल्या कुणा ना कुणाच्या ओसरीत माझे साडभाऊ दुपारचे झोपून आलेले नाहीत. खोटं वाटत असेल तर कोणत्याही फाट्यावर उतरा आणि चहाच्या टपरीवर विचारा, "उंच, पांढऱ्या मिशीचे, डोक्याला दुपट्टा बांधलेले, येतात आणि झोपतात, असे कोणी माहीत आहेत का?" टपरीवाला म्हणेल, "हो जी, झोपणारे भाऊ!" साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीत होते तेव्हा शेतजमिनींची मोजणी करत हिंडायचे. निवृत्त झाले, मोजणीची साखळी हातातून सुटली, पण हिंडणं काही सुटलं नाही.

आम्ही चौघं मित्र. साडभाऊ, मी, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एसटीतून निवृत्त झालेले आमचे ड्रायव्हरभाऊ, ज्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये आम्ही कोंबले जातो. दर हिवाळ्यात, धान घरात आलं की, एखाद्या गावात एखाद्या घरी आठ दिवस मुक्काम ठोकायचा, हा आमचा रिवाज. बघण्यासारखं काहीही बघायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. सकाळी बांधाबांधानं चालायचं, दुपारी पडायचं, संध्याकाळी घरच्यांसोबत ओसरीत बसून वांग्याच्या भाजीवर चर्चा करायची. ते घर शोधायचं काम साडभाऊंचं, आणि त्यात दुसऱ्या कुणी नाक खुपसलेलं त्यांना खपत नाही.

शोधायची त्यांची तऱ्हा म्हणाल तर बाप्पा! पहिली परीक्षा झोपेची. अनोळखी घरी जायचं, पाणी मागायचं, "जरा पडतो जी" म्हणायचं आणि खरंच झोपायचं. झोपलेल्या पाहुण्याला जे घर उठवत नाही ते पास. एकदा सावली तालुक्यातल्या एका गावात "जरा पडतो" हे त्यांनी घरच्या सुनेला सांगितलं आणि सून गेली शेतावर. सासू परतली तर ओसरीत हा एवढा लांबलचक परका माणूस निपचित! तिनं हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, शेजारी गोळा झाले, कुणीतरी नर्सबाईंना आणायला धावलं. साडभाऊंनी डोळे उघडले आणि गर्दीकडे बघत जाहीर केलं, "घर नापास. मले उठवलं." म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उठवलं नसतं तं खांदेकरी बोलावले असते!" या उत्तरावर साडभाऊ इतके खूश झाले की त्या वर्षी आम्ही तिच्याच घरी राहिलो.

दुसरी परीक्षा डाळीची. खिशात तुरीच्या डाळीची पुरचुंडी असते. ती घरच्या बाईच्या हाती द्यायची आणि त्यांच्या विहिरीच्या पाण्यात शिजवायला सांगायची. डाळ गळाली, म्हणजे मऊ शिजली, तर पाणी चांगलं आणि पाणी चांगलं तर माणसं चांगली, असा त्यांचा सिद्धांत. मी एकदा म्हटलं, "साडभाऊ, आमच्या घरच्या पाण्यात डाळ गळत नाही, मग आमचं काय?" तर म्हणाले, "म्हणून तं तुमच्या घरी मी मुक्काम करत नाई." हिनं हे आतून ऐकलं. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला, पण बिनसाखरेचा.

वाघाचं मात्र त्यांना वावडं. जंगलाच्या गेटापाशी एका हॉटेलवाल्यानं आम्हाला मोठ्या प्रेमानं खोली दाखवली. थंड हवेचं मशीन, काचेची भिंत, गादीवर टॉवेलचा हंस. साडभाऊंनी विचारलं, "इथी कोंबडा आयकू येते का?" तो अभिमानानं म्हणाला, "सर, बाहेरचा आवाज आतच येत नाही." साडभाऊ पाणीही न पिता बाहेर पडले. "कोंबडा आयकू येत नाई थे घर नाई, पेटी हाय," असं गाडीत बसल्यावर म्हणाले. वाघ पाहायचं राहिलं म्हणून ड्रायव्हरभाऊ हळहळले, तर त्यांना उत्तर मिळालं, "वाघ आपल्याले पाहूनच राह्यला असंन. दोघायनं पाहाची काय गरज?"

पण खरं सांगतो, या माणसानं निवडलेलं घर कधी चुकलं नाही. अहेरीच्या पुढे एका घरी आम्ही आठ दिवस होतो. तिथं गाय व्यायची होती. आम्ही चौघंही सकाळसंध्याकाळ तिच्यापाशी जाऊन उभे राहायचो, आणि वासरू झालं तेव्हा पोस्टमास्तरांनी घरोघरी अशी खबर पोचवली की नोकरीत एकही तार त्यांनी एवढ्या लगबगीनं पोचवली नसेल. निघताना त्या घरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि आम्हीही काही फार कोरडे नव्हतो.

तर असे हे साडभाऊ गेल्या हिवाळ्यात बिघडले. एकेक गाव नापास करत सुटले. एका गावात कडुनिंब घराच्या चुकीच्या बाजूला. एका गावात घरमालक फार हसतो. एकीकडे डाळ गळाली, तर म्हणाले, "एवढ्या लवकर गळते म्हणजे पाण्यात काहीतरी भानगड हाय." पोस्टमास्तर शेवटी भडकले. "भाऊ, तुमाले गाव पाह्यचं हाय का सून?" संक्रांत गेली, होळी गेली, आणि ट्रिप काही निघेना. मीही मनातल्या मनात त्यांना पुष्कळ शिव्या घातल्या, त्या इथे देत नाही.

गुपित हिनं फोडलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमाले काईच समजत नाई का जी? पोरीले शब्द देऊन बसले भाऊजी. यंदाची ट्रिप झाली की बंगलोरले येतो म्हणून. कायमचे." थोरल्या बाई, म्हणजे हिची बहीण, वारल्यापासून साडभाऊ चंद्रपुरात एकटेच राहतात. गुडघे कुरकुरतात, गोळ्या घ्यायचं विसरतात, बांधावर चढताना आताशा माझा खांदा धरतात. मुलीचा जीव तिकडे टांगणीला लागलेला, तिचं तरी काय चुकलं? तिनं खोलीसुद्धा तयार करून ठेवली होती. म्हणजे गाव पसंत पडलं की ट्रिप, आणि ट्रिप झाली की हा मुलूख सुटला! शब्द मोडणाऱ्यांतले साडभाऊ नव्हेत, म्हणून बिचारे गावांना नापास करत होते. मी पोस्टमास्तरांच्या आणि ड्रायव्हरभाऊंच्या कानावर हे घातलं. त्यानंतर आम्हालाही गावांमध्ये खोडी दिसायला लागल्या.

पण मुलगी शेवटी त्यांचीच. चैत्रात ती स्वतःच येऊन दाखल झाली आणि मला म्हणाली, "मावसाजी, एवढ्या दिवसांत एक गाव सापडलं नाही? चला, मीपण येते." चैत्रातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे शहाण्यानं कूलरपुढून हलू नये. आम्ही पाच जण डोक्याला दुपट्टे गुंडाळून व्हॅनमधून वैनगंगेकाठच्या एका गावी गेलो. घर अंगणवाडीच्या बाईंचं. सारवलेलं अंगण, ओसरीत बुद्धाची तसबीर, मागे मोहाचं झाड. साडभाऊ झोपले, तर बाईंनी त्यांच्यावर ऊन येऊ नये म्हणून चादर बांधली आणि पोरांना दुसरीकडे खेळायला पाठवलं. डाळ लोण्यासारखी गळाली. कोंबडा तर असा आरवला की ड्रायव्हरभाऊ दचकले. बाई म्हणाल्या, "आठ दिस काऊन जी? महिनाभर राहा ना, घर तुमचंच हाय."

साडभाऊ उठून बसले. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. गावाची एखादी खोड शोधत होते आणि सापडत नव्हती. आम्हा तिघांनाही सापडेना. पोस्टमास्तर उगाच चष्मा पुसत बसले. साडभाऊंनी घसा साफ केला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "चांगलं हाय गाव."

मुलगी इतका वेळ बापाकडेच पाहत होती. तिनं पर्समधून फोन काढला, त्यात डोकावली आणि ठासून म्हणाली, "नाई बाबा, हे गाव चालत नाई. इथी रेंज फुल हाय. मी दिवसातून चारदा फोन करीन, 'गोळी घेतली का' विचारीन. तुमची दुपारची झोप गेली समजा." इतकी वर्षं बंगलोरात राहून पोरगी आमच्या बोलीत बोलली.

साडभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. मग एकदम चपला घालत उठले. "तेच तं मी म्हणून राह्यलो! नापास."

"माय वो!" बाई हसायला लागल्या. "रेंज हाय म्हणून गाव नापास? आमच्या गावाले रेंज मिळावी म्हणून आमी किती अर्ज केले!" सगळेच हसलो. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि साडभाऊ तीनदा वरण मागून जेवले.

परतताना ते पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरभाऊंना पावसाळ्यानंतर कोणत्या वाटेनं निघायचं ते सांगत होते, अगदी रंगात येऊन. मुलगी माझ्याशेजारी, खिडकीकडे तोंड करून. हळूच म्हणाली, "मावसाजी, बाबा 'चांगलं हाय' म्हणाले ना, तेव्हा त्यांचा आवाज आयकला तुम्ही? मले नाई आयकवला." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोन दिवसांनी ती एकटीच परत गेली. स्टेशनवर मला बाजूला घेऊन बजावून गेली, "घाई करू नका."

आता पावसाळा सरला आहे. काल साडभाऊंचा निरोप आला, रविवारी गाव पाहायला निघायचं. ते किती दिवस असे बांध चढतील कोण जाणे, आणि शब्द दिलेला माणूस एक ना एक दिवस जाणारच, हे मला कळतं. तोवर देवाजवळ माझं एकच मागणं आहे, की या दोन जिल्ह्यांत खोड असलेल्या गावांची कमी पडू देऊ नको.