उन्हाकडे निघालेले बिऱ्हाड

हे चराचराच्या सोबत्या, पाखरांना न बोलता दक्षिणेची दिशा सांगणाऱ्या, कुडकुडणाऱ्या एका जिवाला दुसऱ्या जिवाच्या कुशीत ऊब देणाऱ्या, आधी तुला वंदन. वाट तुझी, वाटसरू तुझे, आणि वाटसरूंच्या पायांत घोटाळणारा मुका जीवही तुझाच. तुझे स्मरण करून यॉर्कशरच्या ओल्या खोऱ्यातल्या एका साध्या बाईची कथा सांगतो. ती गोड करून घेणे तुझ्याकडे.

हिलरी ओल्डरॉइड हे तिचे नाव. नोकरीची सगळी वर्षे तिने बस चालवली. पावसाचा पुसट पडदा, धुराने काळवंडलेली दगडी घरे, थांब्यावर छत्री मिटत चढणारी माणसे. हात चाकावर आणि मन भलत्याच वाटेवर, अशी तिची उपासना. निवृत्त झाल्यावर तिने साईच्या रंगाची एक जुनी कॅराव्हॅन घेतली आणि दारापुढच्या फरसबंदीवर उभी केली. आत दोन बाके, एक शेगडी, एक पलंग, चौकटीच्या कापडाचे पडदे. चाकांवरचे बिऱ्हाडच ते. उन्हाळ्यात ते मोटारीमागे जोडून नवराबायको समुद्रकाठी जाऊन येत. पण हिलरीचे स्वप्न त्याहून लांबचे होते. तिला हिवाळाभर स्पेनला जायचे होते, उन्हात.

आता त्या स्वप्नाला गरजेचीही जोड मिळाली होती. तिचा नवरा क्लिफर्ड गालिच्यांच्या गिरणीत राबला होता आणि लोकरीचा भुगा त्याच्या छातीत घर करून बसला होता. मागच्या हिवाळ्यात त्या छातीने त्याला इस्पितळात निजवले. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढचा हिवाळा याला या ओलीत काढू देऊ नका. कोरडी हवा हवी याला."

घरातली तिसरी टॅन्सी. राखी रंगाची, काटकुळी व्हिपेट जातीची कुत्री. अंगावर ना चरबी ना केस, त्यामुळे ऑक्टोबरपासूनच तिला हिलरीने विणलेला स्वेटर लागे. अनाथ कुत्र्यांच्या आश्रमातून दोन घरांनी तिला नेले आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडले. तिसरे घर हे. क्लिफर्ड इस्पितळात असताना हिलरीने तिला कुत्री सांभाळणाऱ्यांकडे ठेवले होते. टॅन्सीने तिथे अन्नाला तोंड लावले नाही. जाळीकडे पाठ करून ती पडून राहिली आणि घरी आली ती हाडांची मोळी होऊन. त्या दिवशी क्लिफर्डने तिचे डोके मांडीवर घेऊन तिच्या कानात सांगितले होते, "पुन्हा नाही हं, बाळा."

शरद सरत आला. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरायचा, टेबलाखाली टॅन्सीने दोघांच्या पावलांवर आडवे व्हायचे, आणि चहाचे पाणी उकळेस्तोवर हिलरीने गावांची नावे घ्यायची. सान्तान्देर, बुर्गोस, सालामान्का, सेविल्या. जपमाळेचे मणी ओढावेत तशी ती नावे एकामागून एक तिच्या ओठांवरून सरकत. खिडकीवर पाऊस टपटपत असे आणि तिला दिसे ते बदामाचे झाड. जानेवारीतच फुलांनी डवरलेले. त्याच्या बुंध्याशी पोट वर करून, चारी पाय आकाशाला लावून झोपलेली टॅन्सी. जवळ खुर्चीत क्लिफर्ड, आणि त्याचा श्वास ऐकूसुद्धा येत नाही, इतका सहज.

"बुर्गोसला निजायचं कुठे?" क्लिफर्डने विचारले.

"गावाबाहेर तळ आहे. कुत्री चालते म्हणाले."

"आणि नवरा?"

"ते विचारायचं राहिलं. उद्या फोन करते."

"सॉसेज किती घ्यायचे बरोबर?"

"एकही नाही. मांस न्यायला बंदी आहे. बंदरावर काढून घेतात."

"मग तीन महिने खायचं काय?"

"तिथली माणसं काय उपाशी बसतात का रे?"

"त्यांचं मी कशाला सांगू? मी आपला चहा भरून घेतो."

आणि खरेच त्याने चहाचे खोकेच्या खोके पुढच्या कप्प्यात रचले. मग न्हाणीघरातला वजनकाटा आणून, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून, कॅराव्हॅनचा पुढचा दांडा त्यावर टेकवला. कॅराव्हॅनवाल्यांची ही रीतच. पुढे भार जास्त झाला तर मोटार दबते, कमी झाला तर मागचे बिऱ्हाड रस्त्यावर नागासारखे डोलू लागते.

"नाक जड झालं. चहा मागे न्यायला हवा," तो धापा टाकत म्हणाला.

"नाक तुझं पहिल्यापासूनच जड आहे," हिलरी म्हणाली आणि खोके स्वतःच उचलू लागली. त्याची धाप तिने ऐकली होती.

मोटार-कॅराव्हॅनसकट स्पेनला नेणारी बोट ठरली डिसेंबरच्या आरंभीची. तिच्यावर कुत्र्यासह राहता येईल अशी खोलीही मिळाली. निघायला आठवडा राहिला तेव्हा हिलरी टॅन्सीला परदेशचा दाखला काढायला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. इमोजेन नावाची तरुण डॉक्टर होती. तिने टॅन्सीचे कार्ड चाळले, मग पुन्हा चाळले.

"मिसेस ओल्डरॉइड, रेबीजची सुई कधी दिली हिला?"

"दरवर्षी देतो की. एकही वर्ष चुकवलं नाही. शिक्के आहेत बघा."

"त्या वर्षाच्या सुयांत ती नसते. आपल्या बेटावर तो रोगच नाही, म्हणून इथे कुणी मागत नाही. बाहेर न्यायचं असेल तर वेगळी द्यावी लागते. आज देते मी. पण दिल्यावर तीन आठवडे तरी दाखला देता येत नाही."

आपल्याकडे घरात कुत्रे आले की पहिला विचार याच सुईचा. त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या या रोगाचे भयच उरले नाही, आणि निर्भय माणसाची चूक अशी त्याच्या निर्भयतेतूनच उगवते. हिलरीने दुसरे सगळे पाहिले होते. रस्त्याचे कर, गॅसच्या टाकीची जोडणी, डाव्याऐवजी उजव्या बाजूने हाकायची गाडी. हे एक तिच्या मनातही आले नव्हते.

बोटवाल्यांना फोन केला. कुत्र्याची खोली आणि कॅराव्हॅनची जागा, दोन्ही एकत्र मिळणार ते आता थेट जानेवारीच्या मध्याला. म्हणजे थंडीचा सगळ्यात ओला काळ इथेच. क्लिफर्डची छाती तोवर निभेल का, हा एकच प्रश्न हिलरीच्या काळजावर दगडासारखा बसला.

शेजारची नॉर्मा कुंपणावर कोपर टेकून म्हणाली, "अगं, एवढा विचार कसला करतेस? कुत्रं ठेव सांभाळणाऱ्यांकडे आणि नवऱ्याला घेऊन नीघ. नवरा मोठा की कुत्रं?"

"नवऱ्याला विचार. त्याचं उत्तर तुला आवडायचं नाही."

तरी हिलरीने सांभाळणाऱ्यांकडे चौकशी केली. जागा होती. तिने ते घरात येऊन सांगितले, कोट न काढताच.

क्लिफर्ड खोकत होता. खोकला थांबेपर्यंत त्याने हात वर धरला, मग म्हणाला, "जायचं तर तू आणि तुझा नकाशा जा."

"क्लिफ, मागच्या वर्षी मी त्या इस्पितळाच्या खुर्चीत बसून काय काय मागितलं देवाकडे, तुला माहीत नाही."

"माझ्यासाठी मागितलंस ना? मग आता तिच्यासाठीही माग. तिला बिचारीला मागता येत नाही."

हिलरीने किल्ली उचलली. ती बाहेर पडली आणि कॅराव्हॅनमध्ये जाऊन बसली. कोठीतून ओढलेल्या नारिंगी वायरीवर आतला पंख्याचा हीटर गुणगुणत होता. गाद्या सुकाव्यात म्हणून सकाळीच लावलेला. थोड्या वेळाने दार खरवडल्याचा आवाज आला. टॅन्सी आत शिरली, बाकावर चढली आणि हिलरीच्या कुशीत नाक खुपसून गोल झाली. तिच्या मागून दोन पेले चहा सांभाळत क्लिफर्ड.

"चहा मागे ठेवलास तो सापडेना. घरातलाच केला," तो म्हणाला आणि समोर टेकला.

दोघांनी चहा घेतला. दुपार खिडकीवरून ओघळत होती. पडद्यांना आतल्या उबेने पिवळसर झळाळी आली होती. टॅन्सीच्या पायांत स्वप्नातली धाव उठून विरत होती. कितीतरी वेळ गेला आणि हिलरीच्या ध्यानात आले की काहीतरी ऐकू येत नाही. क्लिफर्ड खोकत नव्हता. ती त्याच्या छातीकडे पाहत राहिली. वर, खाली. वर, खाली. सावकाश.

दगडी घराच्या भिंती शंभर हिवाळ्यांचे पाणी पिऊन बसलेल्या. धुतलेले कपडे खोल्याखोल्यांतून वाळत घातलेले. आणि इथे, पत्र्याच्या या इवल्याशा पेटीत, हवा भाजलेल्या पावासारखी कोरडी. ज्या हवेसाठी समुद्र ओलांडायचा, तिची एक ओंजळ देवाने दारातच ठेवली होती.

"आजपासून निघालो आपण," हिलरी म्हणाली.

"कुठे?"

"स्पेनला. पहिला मुक्काम आपल्या दारात. उशा आण तुझ्या."

तर मंडळी, त्या दिवसापासून ओल्डरॉइडांचे बिऱ्हाड वाटेला लागले, आणि जागचे हलले मात्र नाही. अंघोळीपुरते घरात जायचे, कपडे तिथेच वाळू द्यायचे, आणि उठणेबसणे, जेवणखाण, झोप सारी कॅराव्हॅनमध्ये. रोज सकाळी क्लिफर्ड नकाशावर बोट ठेवी.

"आज बुर्गोस."

"थंडी आहे का रे तिथे?"

"आहे. पण कोरडी."

टॅन्सी मान वर करून दोघांकडे बघे आणि पुन्हा निजे. बाहेर यॉर्कशरचा पाऊस पत्र्यावर ताल धरी, आणि त्या तालावर आत संत्र्यांच्या बागा मागे सरत, पांढरी गावे टेकड्यांवरून उतरत, निळा समुद्र वळणावळणाला जवळ येई. हिलरी डोळे मिटून बसे. देहाने यॉर्कशरात आणि मनाने अंदालुसियात राहणे तिला अवघड गेले नाही.

नॉर्मा एके दिवशी दार वाजवून म्हणाली, "पासपोर्ट दाखवा बघू."

"तू सरहद्दीची पोलीस का?" क्लिफर्डने आतून विचारले.

"हो. आणि दारात सॉसेज घेऊन उभी आहे. जप्त करायचे की वाढायचे?"

नाताळचे जेवणही तिथेच झाले, नॉर्मासकट तिघांची कोपरे एकमेकांना लागत. नॉर्मा जाताना हळूच म्हणाली, "हिलरी, मी बोलले ते मनात ठेवू नकोस. खोकला कमी झालाय गं त्याचा." हिलरीने तिचा हात दाबला.

नवे वर्ष लागून जानेवारीचा मध्य जवळ आला. इमोजेनने टॅन्सीच्या मानेत कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप यंत्राने वाचली, दाखल्यावर सही केली, आणि टॅन्सीने तिचा हात चाटला. त्याच आठवड्यात, एका राखी सकाळी, क्लिफर्डने पुन्हा वजनकाटा मांडला, नारिंगी वायर गुंडाळली आणि मोटारीत बसला. हिलरीने चाकावर हात ठेवले. टॅन्सीने दोघांच्या मधून मान काढली. नॉर्मा घरातल्या चपला घालूनच पावसात उभी राहिली आणि बिऱ्हाड तिच्यासमोरून, इंचाइंचाने, खरोखरच हलले.

हे वाटांच्या स्वामी, या बिऱ्हाडाची चाके सुखरूप फिरव. क्लिफर्डच्या छातीत तुझे ऊन उतरू दे. टॅन्सीला निजायला गवत आणि उठल्यावर ओळखीचा चेहरा लाभू दे. हिलरीच्या हातांना बळ दे आणि डोळ्यांना बदामाची फुले दे. मागे राहिलेल्या दगडी घराच्या भिंती सुकू देत, त्याची किल्ली सांभाळणाऱ्या नॉर्माचे चूल-पाणी भरलेले राहू दे. आणि वसंतात तिघांना, तिघांनाच, त्या दारात परत आण. त्या घराचे कल्याण असो.