कोपीतला अंधार

रस्त्याच्या दिव्यानं लेक झोपेना, म्हणून काल तिच्या खोलीला जाड पडदे लावले. खोली काळोखली आणि मला ऊसतोडीवरची आमची पाचटाची कोपी, ती एवढीशी झोपडी, आठवली.

सकाळी ऊस तोडायचा, रात्री गाडीत भरायचा, त्यामुळे झोप मिळायची ती दुपारीच. पण फटींतून ऊन यायचं, तान्हा भाऊ रडायचा आणि आई जागीच राहायची. एकदा पेंगत तोडताना कोयता तिच्या पायाला लागला. त्या दुपारी वडिलांनी होत्या तेवढ्या सगळ्या गोधड्या कोपीवर टाकल्या. अंधारात मायलेक झोपले.

मुकादम आईला तोडीवर बोलवायला आला. वडील दारातच उभे राहिले.

"झोपू द्या तिला. तिचा ऊस बी मीच तोडतो."

मला तेव्हा फक्त अंधाराची भीती वाटली होती. वडीलही आईइतकेच जागलेले होते, हे काल उमगलं.