टाच बाहेर, ओडिल!

ओडिल माझ्या कॅफेसमोर पहिल्यांदा पडला, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

चाळीस वर्षं या माणसानं गावातल्या छपरांवर कौलं बसवली, चर्चच्या मनोऱ्यावरसुद्धा चढला, पण कधी पडला नाही. बायको गेल्यापासून त्याचा आठवडा म्हणजे फक्त रविवार. सकाळी क्लबाबरोबर सत्तर-ऐंशी किलोमीटर सायकल, मग माझ्याकडे दोन ग्लास तपकिरी बिअर. सहासष्टाव्या वाढदिवसाला मुलीनं, ग्रेटनं, त्याला क्लिक पेडलं आणि त्यांचे बूट घेऊन दिले. बुटाखालची पट्टी पेडलात टक्कन अडकते. पाय सोडवायचा तर टाच बाहेर झटकायची. शिकताना सगळेच पडतात. आणि उभ्या सायकलवरून जो पडेल त्यानं सगळ्यांना बिअर पाजायची, हा क्लबाचा नियम.

ओडिल दर रविवारी पडायला लागला. तो चौकात दिसला की फिर्मिन, क्लबाचा म्होरक्या, दारातूनच ओरडायचा, "टाच बाहेर, ओडिल, टाच बाहेर!" आणि धप्प. "मारिएट, ग्लास काढ गं! छप्परवाले उतरले खाली!"

"पेडल घट्ट आहे रे," ओडिल कोपर चोळत म्हणायचा.

पाचव्या रविवारी मी बाहेर टेबलं पुसत होते, त्याच्यापासून चार पावलांवर. तो थांबला, डावीकडे कलला. जन्मभर तो डावा पायच टेकवत आलाय. पण टाच हललीच नाही. अडकलेला माणूस धडपडतो तरी. हा पाय नुसता पडून होता. आत येऊन त्यानं ग्लास उजव्या हातानं उचलला. ओडिल डावखुरा आहे. माझ्या वडिलांचा आजार असाच सुरू झाला होता.

मी त्याला मागं बिअरच्या खोक्यांपाशी ओढत नेलं. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वेड पांघरू नकोस. पाय."

"सप्टेंबर."

म्हणजे पेडलं यायच्या आधीपासून.

"ग्रेटला माहीत आहे?"

"तिला सांगितलं की सायकल कुलपात आणि मी खिडकीत. मग मला उरतं काय गं? पेडलांमुळे बरंच झालं बघ. पडलो तरी लोक हसतात. हसू दे. क्लबाची ईस्टरची सायकलफेरी होऊ दे, मग डॉक्टरकडे जातो. शप्पथ."

मला त्याचा भयंकर राग आला. तरी मी हो म्हटलं.

ईस्टरला दोन आठवडे होते, तेव्हा फिर्मिन निघायच्या वेळी पाना आणि घरातली जुनी साधी पेडलं घेऊन आला. "पुरे झाली तुझी बिअर! पोटं सुटली आमची." त्यानं माझ्या अंगणातच ओडिलची सायकल उलटी केली. क्लबातल्या दुसऱ्या एकानं साधे बूटही आणले होते. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं ते.

"राहू दे रे, शिकेन मी," ओडिल म्हणाला.

"या वयात? कंबर मोडेल, म्हाताऱ्या!"

ओडिलनं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलून फिर्मिनला थांबवू शकले असते. पण मी कप धूत राहिले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, बरं झालं, आता निदान पाय मोकळा राहील.

दुपारी ते परतले. ओडिल सगळ्यांच्या शेवटी. दारात फिर्मिन आणि बाकीचे टाळ्या वाजवायला उभे होते. ओडिलनं ब्रेक दाबला, डावीकडे कलला. पाय साध्या पेडलावर होता, त्याला कशानंही धरलं नव्हतं. आणि तो तसाच्या तसा दगडांवर आडवा झाला.

फिर्मिनचं तोंड ओरडायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"पेडल..." ओडिल म्हणाला, आणि थांबला. मग एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "हसा की रे."

कोणी हसलं नाही.