दोरवाल्यांच्या घरातला पाट

आमच्या दुकानाचं शतक केव्हाच उलटलं होतं, पण माझ्या चुलत भावाला ते सत्तरीला आल्यावर आठवलं. मूळपुरुषावर पुस्तिका काढायची असं दादाने ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात घातलं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, एवढाच माझा गुन्हा. दादा स्वतः कधी निवृत्त झालेला नाही, त्यामुळे निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असं त्याला वाटतं. वेळ असतो, उत्साह नसतो, हे त्याला कोण सांगणार?

मूळपुरुष म्हणजे आमचे खापरपणजोबा. लोणी काळभोरच्या एका शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. पुण्यातली मंडई नवी होती तेव्हा तिच्या बाहेर त्यांनी दोराचं दुकान मांडलं. विहिरीचे दोर, मोटेचे नाडे, गाडीवरचा माल आवळायचे दोरखंड, सगळं अंबाडीच्या वाखाचं आणि घरी वळलेलं. दोर वावाने मोजायचे, म्हणजे दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचे हात लांब. शेतकरी दुकानाबाहेर ताटकळत बसत, पण खापरपणजोबांनी स्वतः मोजलेलाच दोर नेत. पुढच्या पिढ्यांचे हात आखूड निघाले. मग दुकानात लोखंडी गज आला, नंतर मीटर, आणि आता नायलॉनची भेंडोळी तागडीत जातात.

एवढं घरात सगळ्यांना पाठ होतं. ते दोन पानांत मावलं असतं, दादाला चाळीस हवी होती.

दादा आता वारज्याला राहतो आणि आमची आत्या त्याच्याकडेच असते. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. स्वातंत्र्याला तेव्हा दोन-चार वर्षं झाली असतील. वर्षा-दीड वर्षाने एका शाळेतले चित्रकलेचे मास्तर, स्वतः विधुर, तिला रीतसर मागणी घालायला घरी आले. आजोबांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, की आमच्या घराण्यात विधवेचं दुसरं लग्न होत नाही, मूळपुरुषापासून कधी झालेलं नाही. मास्तर महिन्याने पुन्हा आले. या वेळी चहाही मिळाला नाही. हे मला आईने सांगितलं होतं. आत्या त्याबद्दल कधी बोलली नाही. तिने तीन पिढ्यांचा स्वयंपाक केला, सगळ्यांची बाळंतपणं काढली, आणि आम्ही सगळे तिला फार मान देत आलो. मान द्यायला काही लागत नाही.

पानं भरायची म्हणून एके दिवशी मी लोणीला गेलो. भावकीतले एक नव्वदीचे गृहस्थ गोठ्यापाशी बाजेवर बसले होते. खापरपणजोबा दोर वळायला कुठे शिकले, एवढंच मी विचारलं.

"ते कुठलं शिकत्यात? बायकूनं शिकीवलं. तिच्या पयल्या घरी वाखाचा धंदा व्हता."

पहिल्या घरी म्हणजे काय, ते माझ्या लवकर ध्यानात आलं नाही. म्हाताऱ्याने माझ्याकडे कीव करावी तसं पाहिलं. "पाटाची व्हती की ती. न्हवरा मेला, मग ह्यांनी पाट लावला. आमच्यात चालतंय. तुमचंच पुण्यात गेल्यावं बंद झालं."

मी परतीच्या बसमध्ये बसलो आणि मला रागसुद्धा नीट आला नाही, इतका मी थकलो होतो. ज्या दोरावर घर उभं राहिलं, तो विधवेशी लावलेल्या पाटातून आला होता. आणि त्याच मूळपुरुषाची साक्ष काढून आजोबांनी स्वतःच्या मुलीचं दार लावून घेतलं होतं. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. ठाऊक असेल तर वाईट, नसेल तरी आत्याचं काही परत येणार नव्हतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, ते छापायचं नाही आणि आत्याला तर मुळीच सांगायचं नाही, या वयात तिला कशाला त्रास. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. एवढी वर्षं तिने नशीब म्हणून जे गिळलं, ते नशीब नव्हतं, हे ऐंशीला टेकलेल्या बाईला सांगून मी कुणाचं भलं करणार होतो? आठवडाभर मी हेच घोकत राहिलो. पण न सांगणं म्हणजे आजोबांचाच निर्णय पुन्हा एकदा घेणं झालं असतं. त्याचं मला ओझं झालं.

दादा दुकानात असतानाची वेळ साधून वारज्याला गेलो. आत्या बाल्कनीत मेथी निवडत होती. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"पाट लावला तेव्हा तिचं वय काय होतं?" तिने विचारलं.

नक्की कुणाला माहीत नाही, विशीच्या आतबाहेर असेल, मी म्हणालो.

"आणि माझ्याबद्दल काय लिहिलंयस तुझ्या पुस्तकात?"

कागद पिशवीत होतेच. मी वाचून दाखवलं, की आत्यांनी घराण्याची परंपरा जपली आणि आयुष्यभर त्या व्रतस्थ राहिल्या. हे वाक्य माझंच होतं. लिहिताना बरं वाटलं होतं.

"व्रत आपलं आपण घ्यायचं असतं," ती म्हणाली. "मला विचारलं होतं कुणी?"

मी तिच्यासमोरच ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहू, असं मी विचारलं.

"लिही, की हिला मागणी आली होती. दोनदा."

मी लिहिलं. मग आजोबांनी नकार दिला तेही लिहू का, असं विचारलं.

तिने मेथीची जुडी पुन्हा जवळ ओढली. "नकार कशाला लिहायचा? इथं बसलाय की तुझ्यासमोर, मेथी निवडत."