आबांना एक वाजता जाग येते

पहिल्या बाळंतपणासाठी मी सांगलीहून माहेरी गेले, तेव्हा आबांच्या मळ्यात सौरपंप बसून चार-पाच महिने झाले होते. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव कराडच्या अलीकडे, कृष्णाकाठी. त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं आबांनी रात्री उठून उसाला पाणी पाजलं. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच यायची. मोटर चालू करायची, बॅटरी नि काठी घेऊन सरीच्या तोंडाशी उभं राहायचं, एक सरी भिजली की पाणी दुसरीत सोडायचं. उसात बिबट्या दिसायला लागल्यापासून तर आईही जागीच असायची. आबा परत येऊन पाय धुवायला लागले की मग तिचा डोळा लागायचा. पाणी दिवसा सुरू झालं याचा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता.

पण आबांची जाग काही गेली नाही. रात्री एक वाजला की ते उठून बसायचे. पडवीत खुर्ची टाकून अंधाराकडे बघत राहायचे, नाहीतर गोठ्यात एक चक्कर मारून यायचे.

हे मला कळलं ते माझ्या स्वतःच्या जागरणामुळे. मुलगी दर दोन तासांनी उठायची. दूध पाजायचं, ढेकर काढायची, दुपटं बदलायचं. ती झोपली म्हणून आडवं व्हावं तोवर पुन्हा रडणं सुरू. दिवसा सगळे म्हणायचे, बाळ झोपलं की तूही झोप. मी झोपतही होते. तास मोजले असते तर कमी भरले नसते. तरी सकाळी उठल्यावर अंगात काहीच नसायचं. एकदा चमचा हातातून पडला म्हणून मी रडले. बाळाची नोंद करायला आलेल्या आशाताईंनी वहीत लिहायला माझा मोबाईल नंबर विचारला तर मला तो आठवेना. मी शाळेत शिकवते, चाळीस मुलांचे हजेरी क्रमांक तोंडपाठ असतात माझे. मला वाटलं, माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड झालाय. कुणाला सांगितलं नाही.

बाविसाव्या दिवशीच्या रात्री मी कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. दूध पाजून झालं होतं, ढेकर काढायला मुलीला खांद्यावर घेतलं होतं. आई दिवसभराच्या राबण्यानं गाढ झोपलेली. केव्हा माझे डोळे मिटले मला ठाऊक नाही. जाग आली ती कुणाचा तरी हात लागल्यानं. आबा वाकून उभे होते. मुलगी माझ्या खांद्यावरून घसरत कॉटच्या कडेपर्यंत आली होती आणि त्यांचे दोन्ही तळवे तिच्याखाली होते. ते पाणी प्यायला म्हणून आत आले होते.

"आबा, पडली असती ती," मी म्हणाले.

"न्हाई पडली. दे हिकडं. तू झोप."

"आणि तुम्ही?"

"मला कुठं झोप येतीया? एकदा जाग आली का चार वाजस्तवर डोळ्याला डोळा लागत न्हाई. उगं हुंबऱ्यावर बसून काय करायचं त्यापरीस हिला घेतो."

"रडली तर?"

"रडली भुकंनं तर उठवीन की तुला. न्हाईतर मी हाय, ती हाय."

त्या रात्रीपासून एक वाजता दूध पाजून मी मुलगी आबांकडे द्यायची. ते तिला छातीशी धरून पडवीत फेऱ्या मारायचे. झोप लागता लागता मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. वरच्या तुकड्यातलं पाणी कसं ढेकळात मुरतं, कुठल्या सरीला उंदरांनी भोक पाडलंय, असं सगळं ते तिला हळू आवाजात सांगायचे. ती ऐकत असावी, कारण रडायची नाही. तीनदा-चारदा उठणारी मी आता सलग तीन तास झोपायला लागले. आठवड्याभरात माझा नंबर मला आपोआप आठवला. डोक्यात बिघाड नव्हता, झोपेचे तुकडे झाले होते.

दीड महिन्याच्या इंजेक्शनला आम्ही कराडला गेलो. मुलीचं झाल्यावर आबा डॉक्टरीणबाईंसमोरच घुटमळले.

"बाई, म्हाताऱ्या माणसाच्या झोपंचं तुमाला काय कळतं का?"

त्या हसल्या. "मुलांचं जास्त कळतं. पण सांगा. दिवसा कसं वाटतं?"

"घास हातात आसतो आन् डोळा लागतो. परवा डेअरीत रांगंत हुबं ऱ्हाऊन डुलकी आली. मोटारसायकल सोडलीया मी, भ्या वाटतं."

मोटारसायकल सोडल्याचं मला ठाऊकच नव्हतं. ते चालत जातात ते व्यायामासाठी, असं आम्ही समजत होतो.

बाईंनी घाई केली नाही. तुकड्या-तुकड्यानं कितीही झोपलं तरी सलग झोपेची सर येत नाही, म्हणाल्या. इतक्या वर्षांची सवय अंगात बसलीय, ती सुटायला वेळ लागेल. दुपारी चारनंतर चहा नको. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको. जाग आली तर घड्याळ बघायचं नाही, तळमळत पडायचं नाही, उठून शांत बसायचं आणि पेंग आली की आडवं व्हायचं. महिनाभरात फरक पडला नाही तर मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

"घड्याळ बघायचं न्हाई, ह्ये लय अवघड हाय," आबा परत येताना म्हणाले. पण घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात टांगलं.

तीन महिन्यांनी मी सांगलीला, माधवनगरच्या घरी परतले. रात्रीची एक पाळी नवऱ्यानं घेतली. निघताना आबा मुलीला माझ्या हातात द्यायला तयार नव्हते. गाडीत बसल्यावर माझ्या मनात येत होतं, आज एक वाजता ते कुणाशी बोलतील?

एका रविवारी सकाळी सातला आईचा फोन आला. आवाज दबका होता.

"आगं, ह्ये उठलंच न्हाईत अजून."

"म्हणजे?"

"झोपल्यात. धारा मीच काढल्या. मी दोनदा जाऊन नाकाशी बोट धरून बघितलं."

"चालू आहे ना श्वास?"

"घोरत्यात की. उठवू का?"

"नको," मी म्हणाले. "उठवू नकोस."

आई फोन ठेवेना. मीही ठेवला नाही. पलीकडून आबांचं घोरणं अगदी बारीक ऐकू येत होतं.