राखणदारांवर रागावणाऱ्या आक्का

आक्का जंतूला कधी नावं ठेवायच्या नाहीत. लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना होता. काविळीचा रोगी आला की अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "जंतू बिचारा लिव्हरमधी नुसता घर करून राहतो. त्याला हुडकायला आपलेच राखणदार येतात आन् घरासगट पेटवून देतात." राखणदार म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती. आक्कांचा सगळा राग तिच्यावर.

माझ्या लग्नाला सहा महिने होत नाहीत तोच यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. मी तेव्हा एकवीस वर्षांची. अक्कल बेताची, तोंड मोठं. सासूबाईंसमोर म्हणाले, "मला बघा, कधी शिंकसुद्धा न्हाई. ह्यांचंच अंग नाजूक." वर यांची ताकद वाढावी म्हणून कुठलासा काढा गुपचूप पाजला. आक्कांना कळलंच.

"ताकद कुणाची वाढवायलीस गं? आग लावणाऱ्यांची? त्याचे राखणदार लई जोरात हायेत, म्हणून तर पिवळा पडलाय. जंतूला हुसकतील आन् गप होतील. तू फकस्त त्याला निजू दे."

तसंच झालं. दोन महिन्यांत हे उभे राहिले. मग आक्कांनी माझं रक्त घेतलं, आणि कागद आल्यावर दार लोटून मला शेजारी बसवलं. "तुझ्यातबी हाय जंतू. ही पाण्याची न्हाई, रक्तातनं जाणारी कावीळ. बहुतेक जन्मापासून. तुझे राखणदार त्याला घरचाच समजून झोपलेत, म्हणून तू ठणठणीत. नवऱ्याला तुझ्याकडूनच गेला असंल."

माझी फुशारकी तिथंच जिरली. सासूबाईंना मात्र त्यांनी यातलं कधी काही कळू दिलं नाही.

वर्षाच्या आत मला दिवस गेले. आक्का माझ्याकडून एकच गोष्ट घोकून घ्यायच्या, "लेकरू जन्मलं त्याच दिवशी लस. तान्ह्याचे राखणदार येडे असतात, आलेल्याला पाहुणा समजतात. एकदा आत बसला की बहुतेक जन्मभर निघत न्हाई." मी हो हो केलं, तिथल्या दवाखान्यात दाखवायला त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी घेतली आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी, शिरूर अनंतपाळला गेले. रक्तात कावीळ निघाली, एवढंच आईला सांगितलं. तिनं मला कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. त्यानं डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवली. ती रोज लांबत लांबत छातीपर्यंत आली. उतरली कावीळ! आक्कांची चिठ्ठी मी ट्रंकेच्या तळाशी टाकली. कशाला उगीच गावभर बोभाटा?

सकाळी घरीच मुलगी झाली. कळा लागल्या तेव्हाच यांनी आक्कांना फोन केला होता. दुपारच्या एसटीनं त्या हजर, लसीचा थर्मास पोटाशी धरून.

"चिठ्ठी दाखवलीस कुणाला?"

मी माळेचं सांगितलं. वाटलं, आता कानाखाली बसते. त्या हसल्या. "मुळ्या वाळल्या की गाठी सैल होतात, येडे. माळ लांबणारच." लेकराच्या मांडीत सुई दिली. लेकरानं घर डोक्यावर घेतलं, तशा आक्का म्हणाल्या, "रड बाई. जागं कर त्यांना."

पुढच्या सगळ्या सुया त्यांनीच दिल्या. वर्षानं मुलीचं रक्त साफ निघालं. त्या दिवशी दवाखान्यात रांग लागलेली असताना आक्का तिला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. माझं रक्त मात्र दर सहा महिन्यांनी. "झोपलेले राखणदार कधी उठतील, नेम न्हाई," म्हणायच्या. आक्का गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली.

यंदा मुलगी बाळंतपणाला माझ्याकडं आली. तिच्या तपासणीत काविळीचा कागद साफ होता. नात झाल्यावर, एका दुपारी, मी तिला पहिल्यांदाच हे सगळं सांगितलं. ती पाजता पाजता ऐकत होती.

"आई, आक्का गेल्यापासून तू रक्त तपासलंस?"

मी नातीच्या टोपड्याची नाडी नीट करत बसले.

"आई."

"न्हाई गं."

तिनं पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि रिक्षाला फोन लावला.

"अगं, सव्वा महिना तरी होऊ दे. बाळंतीण घराबाहेर पडली तर लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. चपला घाल."