चढावरची परीक्षा

मापारी हे त्याचं आडनाव नव्हतं. तीस वर्षं तो पिकअप गाड्यांच्या मागे ट्रेलर ओढायचे आकडे बसवत आला होता. आकडा बसवण्याआधी गाडीची सगळी मापं स्वतः घ्यायची, ही त्याची रीत. दुसऱ्याने घेतलेलं माप म्हणजे दुसऱ्याचा चष्मा, असं तो म्हणायचा. त्यावरून कोणीतरी मापारी म्हणालं आणि तेच नाव त्याला चिकटलं.

त्याच्या शेडमध्ये तीन कंपन्यांच्या पिकअप येत. कंपन्यांची नावं कागदावर राहायची. ड्रायव्हर मंडळी त्यांना गेंडा, नवरी आणि मास्तरीण म्हणत. गेंडा काहीही ओढायचा, पण डिझेल पाण्यासारखं प्यायचा. नवरी दिसायला देखणी, गादी मऊ, पण महिन्यातून एकदा रुसून बसायची. मास्तरीण खडखड करायची, पण कामाला कधी गैरहजर नसायची. नवी गाडी घ्यायची तर लोक आधी मापाऱ्याकडे यायचे आणि मग दुकानात जायचे.

म्हणून बायकोच्या धाकट्या भावाने गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा तोही तिथेच आला. घरात सगळे त्याला धाकट्याच म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा याच बहिणीने त्याला कडेवर वाढवलं होतं. सिमेंटचे पाइप कारखान्यातून बांधकामांवर पोचवायचं काम त्याला मिळालं होतं. ट्रेलर त्याने जुना घेतला होता, गाडी नवी घ्यायची होती.

"भाऊजी, तुम्ही बोट दाखवाल ती घेतो," तो म्हणाला. "लग्नाच्या वेळी कोणाला विचारलं नाही, त्याचं फळ भोगतोय."

"ऐकू येतंय मला," धाकट्याची बायको मागून म्हणाली. "गाडी बोलत नाही, म्हणून तिच्याशी पटेल तुमचं."

मापारी हसला. पण नुसतं बोट दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शेडमागच्या चढावर पाइपांनी भरलेला तोच ट्रेलर तिन्ही गाड्यांना आलटून पालटून जोडायचा आणि कोण कसं ओढतं ते बघायचं, असं त्याने ठरवलं. आकडे बसवायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी आपल्या गाड्या तासाभरासाठी दिल्या, तिसरी ओळखीच्या एकाने आणली.

ट्रेलरला स्वतःचा ब्रेक होता. पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिच्यावर रेटतो, त्या रेट्याने एक दांडा दाबला जातो आणि ट्रेलरची चाकंही धरली जातात. पण ट्रेलर जुना; ब्रेक उगाच थोडा घासत होता, आणि तापला की जास्तच घासायचा. म्हणजे शेवटी येणाऱ्या गाडीवर अन्याय. मापाऱ्याला ते खपणारं नव्हतं. त्याने पाना घेतला आणि ब्रेकचा नट चार फेरे सैल केला. परीक्षा सगळ्यांना सारखी झाली पाहिजे.

गेंडा चढला, नवरी धापा टाकत चढली, मास्तरीण न कुरकुरता चढली. मग त्याने मागच्या फळीची उंची मोजली, कारण पाइप रोज हाताने उतरवायचे होते. गल्लीत वळायला किती जागा लागते तेही पाहिलं. सुटे भाग कुठे मिळतात, मेकॅनिक किती लांब, तेही धाकट्याला सांगितलं. शेवटी म्हणाला, "मास्तरीण घे. दिसायला जाऊ दे, पण जन्मभर साथ देईल."

"घरच्या बाईबद्दलही तुम्ही असंच सांगितलं असतंत तर!" धाकटा म्हणाला. सगळे हसले. त्या हशात ट्रेलर सोडवला, गाड्या ज्याच्या त्याच्याकडे गेल्या. नट सैलच राहिला.

मास्तरीण घेतल्यावर पहिले दहा दिवस धाकट्याला सपाट रस्त्यावरची आणि हलकी कामं मिळाली. अकराव्या दिवशी ट्रेलर काठोकाठ भरला आणि रेल्वेच्या पुलावरून खाली उतरताना मागच्या वजनाने गाडीला रेटलं. गाडी आडवी झाली आणि भिंतीवर आदळली. धाकटा वाचला, पण कमरेखाली काही उरलं नाही. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशीच सांगितलं की पाय आता फक्त दिसायला.

मोडका ट्रेलर ओढून शेडमध्येच आणला होता. अपघाताची चौकशी करणारा तपासनीस सकाळी येणार होता. आदल्या दुपारी मापारी एकटाच ट्रेलरखाली वाकला. त्याने पाना काढला नाही. नट नुसत्या बोटांनी फिरला.

चार फेरे आवळायला मिनिट लागलं नसतं. त्याने आवळला नाही. खोटं करणं त्याला जमलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तपासनीस आला, नट बघितला आणि म्हणाला, "चालकाने ब्रेककडे लक्षच दिलेलं नाही. वेगही जास्त असणार." मापारी शेजारी उभा होता. खरं बोलणंही त्याला जमलं नाही. तपासनिसाने तसं लिहिलं आणि निघून गेला.

मग घरोघर अपघाताचीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, मास्तरीण दगा देते. त्या महिन्यात दोघांनी ठरवलेली मास्तरीण सोडून गेंडा घेतला. पण जास्त लोक म्हणाले, पोरगं घाईचं होतं. धाकट्याची बायको त्याचं अंग पुसताना तेच बोलायची. "टॉप गिअरमध्येच सोडली असणार. पहिल्यापासून तसेच." धाकटा म्हणायचा, "तिसऱ्यात होती गं." ती म्हणायची, "हो, आणि मी राणी आहे." पुढे पुढे त्याने बोलणं सोडलं. बहीणही एकदा म्हणाली, "अरे, थोडा धीर धरायचास." त्यावर तो म्हणाला, "असेल ताई. माझंच चुकलं असेल."

हे शेवटचं वाक्य मापाऱ्यापर्यंत पोचलं. तीन आठवडे त्याने जेवण अर्धं टाकलं होतं, पण बोलला नव्हता. सांगितलं तर बायको जाणार, हे त्याला पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. न सांगावं, तर पडल्या पडल्या एक चांगला ड्रायव्हर स्वतःला नालायक समजून म्हातारा होणार होता.

एका दुपारी दोघं नवराबायको धाकट्याकडे गेली. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीशी खाट, पायांवर चादर. बहीण त्याच्या उशाशी बसली, त्याची बायको दाराशी डाळ निवडत होती. मापारी बसलाच नाही.

"धाकट्या, ट्रेलरचा नट मी सैल केला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी चढावर. परत आवळायचा राहिला."

डाळीतला हात थांबला. धाकट्याने छताकडे बघतच विचारलं, "किती फेरे?"

"चार."

"चार," धाकटा म्हणाला. मग त्याने मान वळवली, पण मापाऱ्याकडे नाही, दाराकडे. "ऐकलंस? ऐकलंस का गं? चार फेरे सैल. ब्रेक नव्हताच त्याला. मी तिसऱ्यातच होतो." त्याचा आवाज फाटला. "सांगत होतो ना मी? तिसऱ्यातच होतो!"

त्याची बायको सूप बाजूला ठेवून उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. बहिणीने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

बऱ्याच वेळाने धाकटा शांत झाला. "तपासनिसाला सांगाल?" त्याने विचारलं.

"सकाळीच एकटा जाऊन आलो. लिहून दिलंय. सहीसुद्धा केली."

"बरं केलंत. आता जा, भाऊजी. पुन्हा येऊ नका."

मापाऱ्याने मान हलवली आणि बायकोकडे पाहिलं. ती उठली नाही. "चल," असं तो म्हणाला नाही. तिला तसं म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हे त्याला ठरवता येईना. तिने भावाच्या पायांवरची चादर नीट केली. त्या पायांना काही कळत नव्हतं, तरी तिने ती दोन्ही बाजूंनी घट्ट खोचली आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली.

तो जिना उतरला. फाटकापाशी कोणाची तरी पिकअप उभी होती आणि मालक बॉनेट उघडून आत बघत होता. मापाऱ्याला ओळखून तो म्हणाला, "बरे भेटलात! जरा ऐका हो, आवाज कसला येतोय?"

मापारी म्हणाला, "दुसऱ्या कोणालातरी दाखवा," आणि चालू लागला.